ओले काजूगर: घेताना, सोलताना आणि साठवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं सासर कुडाळ तालुक्यातलं, राहणं डोंबिवलीत. फेब्रुवारी लागला की नातेवाइकांचे, शेजारणींचे, मुलीच्या मैत्रिणींच्या आयांचे फोन सुरू होतात. काजूगर आले का, किती घ्यायचे, काळे पडले तर टाकायचे का. दरवर्षी तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ओले काजूगर म्हणजे नेमकं काय? आपण एरवी खातो त्या काजूपेक्षा ते वेगळे असतात का?

झाड तेच, बीही तीच, फक्त वय वेगळं. काजूला आधी बी धरते आणि बोंड, म्हणजे बीला जोडलेलं रसाळ फळ, मागून फुगतं. बी हिरवीगार असते, तिचा आकार पूर्ण भरलेला असतो, पण कवच अजून सुरीने कापता येईल इतकं मऊ असतं आणि बोंड बोटाच्या पेराएवढंच असतं. त्या वेळी काढलेल्या बीतला गर म्हणजे ओला काजूगर. तीच बी झाडावर राहू दिली तर कवच कठीण होतं, रंग राखाडी होतो, बोंड पिवळं किंवा लाल होऊन बीसकट खाली पडतं. वाळवलेल्या, भाजलेल्या किंवा वाफवलेल्या बीतून निघतो तो आपला डब्यातला काजू.

ओल्या गरात पाणी भरपूर आणि तेल कमी. म्हणून तो खुसखुशीत लागत नाही. मऊ, किंचित गोडसर, दुधाळ लागतो. हेच पाणी त्याची चव आहे आणि तो लवकर खराब होण्याचं कारणही.

गोव्यात यांना बिबे म्हणतात. सारस्वतांच्या घरी पाडव्याला तोंडली-बिब्ब्याची उपकरी, म्हणजे परतलेली भाजी, होते, ती याचीच. मात्र औषधी बिब्बा हे वेगळं झाड आहे. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि तिघांचा चीक अंगाला लागू नये असाच.

हंगाम कधी असतो?

सिंधुदुर्ग आणि गोव्यात साधारण जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. शिमगा ते पाडवा हा भर. थंडी नीट पडली नाही, मोहराच्या दिवसांत ढगाळ हवा राहिली किंवा ढेकण्या किडीने कोवळे शेंडे आणि मोहर करपवला, तर सगळं पुढे सरकतं आणि मालही कमी येतो. म्हणून ‘अमुक तारखेला मिळतील’ असं कुणालाही सांगता येत नाही. त्यासाठी विकणारीच्या मागे लागू नका.

चांगले काजूगर कुठे मिळतात?

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, दोडामार्ग इथल्या आठवडा बाजारांत आणि महामार्गाच्या कडेला. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. घाटावर आजरा आणि चंदगड हेही काजूचेच तालुके. मुंबईत दादरला आणि कोकणी माणसांची वस्ती दाट आहे तिथल्या भाजीबाजारांत हंगामात दिसतात, पण ते कापून किती तास झाले हे विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर जी बाई स्वतः कापते तिच्याकडूनच घ्या. तिच्या टोपलीतला माल त्याच दिवशी सकाळचा किंवा आदल्या संध्याकाळचा असतो, आणि पैसे मधे कुठे न अडकता तिच्या हातात जातात.

शेकड्याने विकतात म्हणजे कसं? चौघांना किती लागतील?

ओले गर बहुतेक ठिकाणी वजनावर नाही, मोजून विकतात. भाव शेकड्याचा असतो. बी उभी चिरली की गराची दोन दळं होतात, म्हणून घेण्याआधी एवढं विचारा की शेकडा अख्ख्या गरांचा की दळांचा. भाव ऐकून दचकायच्या किंवा खूश व्हायच्या आधी हे कळलेलं बरं.

चौघांच्या उसळीला मी अख्खे दीडशे गर घेते. कुयरीच्या भाजीत, म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीत, नुसते घालायचे असतील तर पन्नास-साठ पुरतात. जातीप्रमाणे फरक पडतो. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 च्या कलमांचा गर टपोरा असतो, जुन्या गावठी झाडांचा बारीक. वेंगुर्ला-7 ची वाळलेली बी साधारण 10 ग्रॅमची भरते, गावठी बी याच्या निम्मीही भरत नाही असं पुष्कळदा होतं. चवीला मात्र मला गावठीच आवडतो. उसळीत तो रस धरून राहतो.

इतके महाग का असतात? शेवटी काजूच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून याचं उत्तर लांब देणार आहे.

तयार बी झाडाखाली पडते. सकाळी जाऊन वेचायची, बोंडापासून पिळून वेगळी करायची, उन्हात घालायची. ओली बी मात्र झाडावरून एकेक बघून काढावी लागते. एकाच घोसात एक बी जून, दुसरी कोवळी, तिसरी नुसतं पाणी, असं असतं. आकडीने सरसकट झोडता येत नाही. काढताना देठातून चीक उडतो.

मग कापणं. काजूच्या कवचाला दोन थर असतात आणि मधल्या जाळीत तेल भरलेलं असतं. अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही त्यातली जाळणारी द्रव्यं. हिरव्या बीत हे तेल पातळ असतं आणि कापल्याबरोबर बाहेर येतं. बायका हाताला खोबरेल चोळतात, राखेत बोटं बुडवतात, आणि विळीवर एकेक बी उभी चिरून काडीने गर उचकटतात. एवढं करूनही हंगामाच्या शेवटी बोटांची कातडी काळी पडून सोलवटलेली असते. आमच्या वाडीतल्या एक काकी गेली कित्येक वर्षं हे काम करतात. त्या म्हणतात, “झाडावरसून काढूक कोणव काढीत, कापूक हात व्हये.” त्यांचे हात मी पाहिले आहेत. तेव्हापासून शेकड्यामागे वीस रुपये कमी करा, असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याची. हिरवी काढलेली प्रत्येक बी म्हणजे मे महिन्यात विकायच्या वाळलेल्या बीतून वजा झालेली एक बी. सुक्या बीचा भाव कारखान्यांकडे येणाऱ्या आफ्रिकी देशांतल्या कच्च्या काजूवरही हलतो, आणि तो पडला की बागायतदाराला खर्च भरून काढणं कठीण जातं. ओल्या गराचा पैसा हंगामाच्या सुरुवातीला रोख मिळतो. तो रास्त मिळाला पाहिजे. महाराष्ट्र देशात काजूच्या उत्पादनात आघाडीवर आहे, याचा अभिमान आपण बाळगतो. मग टोपलीपाशी उभं राहून घासाघीस करताना तो आठवायला हवा.

ताजे आणि योग्य वयाचे गर कसे ओळखायचे?

साल बघा. ताज्या गराची साल गुलाबीसर किंवा फिकट तपकिरी आणि ओलसर दिसते. सुरकुतलेली, गडद तपकिरी साल म्हणजे कापून बराच वेळ झाला.

मग एक गर दाबून बघा. तो मऊ पण भरीव लागला पाहिजे. दाबल्यावर पाणी सुटून चपटा झाला तर बी फार लवकर काढली होती. असे गर शिजल्यावर आक्रसून निम्मे होतात. उलट नख रुतत नसेल तर बी जून झाली होती. जून गर वाईट नसतो, फक्त जास्त शिजवावा लागतो आणि ओल्याची ती दुधाळ चव त्याला नसते.

सालीवर तेलकट काळे डाग दिसले तर ते कवचाच्या चिकाचे आहेत. दोन-चार गरांवर असले तर चालतं, ते धुऊन सालीसकट जातात. सगळी टोपलीच डागाळलेली असेल तर घेऊ नका. आणि वास घ्या. ताज्या गराला हिरव्या पानासारखा हलका वास असतो, आंबूस मुळीच नसतो.

सुकी बी भिजवून काढलेले गर ओले म्हणून विकतात, हे खरं का?

विकतात. सुकी बी काही दिवस पाण्यात ठेवली की कवच मऊ होतं आणि ती ओल्यासारखी कापता येते. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी तसे गर काढतात आणि त्यांची उसळही छान होते. त्यात खोटं काही नाही. फक्त त्याला ओल्या गराचा भाव देऊ नये. ओळख अशी की भिजवलेला गर पांढराफटक आणि घट्ट असतो, मोडला की कटकन तुटतो. ओला गर मोडताना आधी वाकतो आणि आतून ओलसर, किंचित पारदर्शक दिसतो. ऑगस्टमध्ये कुणी ‘आजचेच ताजे ओले गर’ म्हणाले तर ते भिजवलेले किंवा फ्रीझरमधले आहेत एवढं समजून घ्या.

पहिल्या पावसात झाडाखाली राहिलेल्या बिया रुजतात. त्यांचे हिरवट कोंब फुटलेले गर हा तिसराच प्रकार. तो बाजारात फारसा येत नाही, पोरंच शोधून खातात.

हिरवी बी आणून घरी कापली तर स्वस्त पडेल. करू का?

पहिल्यांदा करत असाल आणि शेजारी दाखवणारं कुणी नसेल तर करू नका, असंच मी सांगेन.

तरीही करायचंच असेल तर जुने कपडे घाला, कारण काजूच्या चिकाचा डाग निघत नाही. कोपरापर्यंत खोबरेल चोळा आणि वरून जाड रबरी हातमोजे घाला. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. नेहमीची भाजीची विळी वापरू नका. बी चिरताना ती तोंडापासून लांब धरा, चिळकांडी उडते. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. काम चालू असताना डोळ्यांना, तोंडाला, मानेला हात लावायचा नाही. घाम पुसायचा असेल तर दुसऱ्या कुणाला पुसायला सांगा.

कापलेली टरफलं कचऱ्याच्या डब्यात उघडी टाकू नका. कचरा उचलणाऱ्यांचे हात भाजतात. कागदात घट्ट गुंडाळून, वर लिहून द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: सुकी बी फ्लॅटमध्ये तव्यावर, गॅसवर किंवा ओव्हनमध्ये भाजायला घेणं. कवचातलं तेल पेट घेतं, आणि त्याच्या धुराने डोळे, घसा आणि त्वचा भाजते. गावाला भाजतात ते उघड्या अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, लांब काठीने.

चीक लागलाच तर?

लगेच पाण्याखाली धरून चोळू नका, तेल पसरतं. आधी कोरड्या कापडाने किंवा राखेने टिपून घ्या, मग खोबरेल लावून पुसा, आणि त्यानंतर साबणाने दोन-तीनदा धुवा. लागल्याबरोबर काही वाटत नाही. जळजळ, लाली, फोड पुष्कळदा नंतर, कधी दुसऱ्या दिवशी येतात. मग ती जागा काळी पडून कातडी जाते. फोड फोडू नका. डोळ्यांत गेला, तोंडाला सूज आली किंवा फोड पसरायला लागले तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जा.

साल कशी काढायची? माझे गर साल काढताना तुटतात.

पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात गर टाका, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग एकेक गर चिमटीत धरला की साल सुटते. गर तुटतात ते गॅस चालू ठेवून उकळल्यामुळे. अगदी कोवळ्या गरांना गरम पाणीही लागत नाही, कोमट पुरतं.

साल काढायचीच. ती तुरट असते आणि तिच्यावर चिकाचे कण राहिलेले असू शकतात. ज्या पाण्यात भिजवले ते पाणी उसळीत वापरू नका, ओतून द्या आणि गर पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा.

गावाहून मुंबई-पुण्याला आणताना काय करायचं?

सालीसकट आणा. सोललेला गर प्रवासात चिकट होतो आणि काळवंडतो. साल हेच त्याचं पांघरूण आहे.

मी निघायच्या दिवशी दुपारनंतर गर घेते, न धुता सुती पंचावर पसरून वरचा ओलावा जाऊ देते, आणि त्याच पंचात गुंडाळून वेताच्या किंवा भोकांच्या टोपलीत ठेवते. रात्रीच्या गाडीत ती टोपली बाकाखाली. सकाळी घरी पोचल्यावर आधी गर पसरायचे, मग चहा. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून आणलेले गर एका रात्रीत घामेजतात आणि आंबतात. एका वर्षी पाचशे गर असे माझ्या हातून गेले. मला त्या पैशांपेक्षा ते कापणारे हात आठवून जास्त वाईट वाटलं होतं.

फ्रीजमध्ये किती दिवस राहतात?

सालीसकट, कोरडे, कापडात गुंडाळून डब्यात: चार दिवस. सोललेले, थंड पाण्यात बुडवून: दोन दिवस, आणि पाणी रोज बदलायचं. याहून जास्त ठेवायचे असतील तर फ्रीझर.

फ्रीझरमध्ये चव जाते का?

थोडी जाते. पोत किंचित मऊ होतो, पण उसळीत किंवा कुर्म्यात ते कळत नाही.

गर सोलून, धुऊन, कापडावर पूर्ण कोरडे करा. ताटात एक थर पसरून ताट फ्रीझरमध्ये ठेवा. गर कडक झाले की एका वेळेला लागतील एवढ्याच्या पिशव्या भरा, आतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. थेट पिशवीत भरले तर त्यांचा एक गोळा होतो आणि दहा गरांसाठी सगळे वितळवावे लागतात. एकदा वितळलेले परत गोठवायचे नाहीत. शिजवताना वितळवायची गरज नसते, फोडणीत किंवा उकळत्या रसात तसेच घाला. मी मार्चमध्ये ठेवलेले गर गणपतीच्या नैवेद्याला वापरते. त्यापुढे ठेवू नयेत, फ्रीझरचा वास धरतात.

वाळवून ठेवण्याची जुनी पद्धत कशी?

फ्रीज नव्हता तेव्हा हीच पद्धत होती, आणि चवीच्या बाबतीत मी आजही हिला फ्रीझरच्या वर ठेवते. गर न सोलता, सालीसकट, एप्रिलच्या कडक उन्हात पंचावर पसरायचे. संध्याकाळी आत आणायचे, दव लागू द्यायचं नाही. चार-पाच उन्हांनी ते आक्रसून खडखडीत होतात. मोडल्यावर टकन आवाज आला पाहिजे. वाकले तर अजून एक ऊन.

पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा. मृग लागायच्या आधी एकदा उघडून बघा. बरणीच्या आत बाष्प दिसलं तर लगेच पुन्हा ऊन द्या. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी ती बरणी टाकायची, निवडत बसायचं नाही.

वापरताना रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्यात घालून साल काढा, आणि कुकरला एक शिटी द्या. आषाढात बाहेर पाऊस कोसळत असताना वाळवलेल्या गरांची उसळ आणि गरम भाकरी, याची वाट आमच्या घरात शिमग्यापासून पाहिली जाते.

गर काळे पडले. टाकून देऊ का?

वरून तपकिरी छटा आली असेल, वास ठीक असेल आणि गर चिकट नसेल तर वापरा. कापलेल्या सफरचंदासारखाच हा हवेचा परिणाम आहे. बोटाला बुळबुळीत लागले, आंबूस वास आला किंवा आतपर्यंत काळे असले तर टाकून द्या.

ओले गर कच्चे खाल्ले तर चालतात का?

गावाला मुलं खातात, मीही खाल्ले आहेत. पण कापताना कवचाचा चीक लागलाय की नाही हे विकत आणलेल्या गरावरून सांगता येत नाही. म्हणून सोलून, धुऊन, शिजवूनच खा. ज्यांना सुक्या काजूची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ओलेही खाऊ नयेत. पिस्त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पुष्कळदा काजूचीही असते, तेव्हा पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा.

परदेशात राहतो, ओले गर मिळत नाहीत. काय वापरू?

गावाहून कुणी येणार असेल तर वाळवलेले गर मागवता येतात का बघा, मात्र त्या देशात काय आणू देतात हे आधी तपासा. नाहीतर साधे, न भाजलेले, बिनमिठाचे अख्खे काजू चार-पाच तास भिजवा आणि वाटण घातल्यावर मंद आचेवर शिजवा. ओल्याची चव येत नाही, पण उसळ चांगली होते.

सुके काजूही गावाहूनच घ्यायचे आहेत. डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 म्हणजे काय?

एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे पांढरे गर बसतात तो आकडा. डब्ल्यू 180 सर्वांत मोठे, डब्ल्यू 320 त्याहून लहान. आकडा आकाराचा आहे, चवीचा नाही. उसळीला, वाटणाला तुकडा घेतला तरी चालतो आणि पैसे वाचतात. एक किलो बीतून साधारण पाव किलो किंवा थोडे जास्तच गर निघतात, हे लक्षात ठेवलं की गावठी काजूचा भाव का तसा असतो ते कळतं. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर खवट होतात.

पुढच्या वर्षीसाठी आधी सांगून ठेवता येतं का?

येतं, आणि तसंच करावं. संक्रांतीच्या सुमारास ज्यांच्याकडून घेता त्यांना फोन करा. किती शेकडे हवेत, सालीसकट हवेत का, आणि कोणत्या आठवड्यात तुमचं माणूस गावाहून येणार आहे, एवढं सांगा. थोडे पैसे आगाऊ द्या. माल कमी आला आणि त्यांनी पाचऐवजी तीनच शेकडे दिले तर तक्रार न करता घ्या. आणि त्यांना हातमोज्यांचा एक जाड जोड नेऊन द्या. कुडाळच्या बाजारात चांगले मिळत नाहीत, मी दरवर्षी डोंबिवलीहून नेते.